जमिनीपासून दीड हातावर : वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमधून या वेळी मी एकाच धाग्यातले सहा प्रश्न निवडले आहेत. घरातील हवा, विहिरीचे पाणी, स्वयंपाकाची भांडी, भिंतीचा रंग आणि शेतातील फवारणी यांचा मुलांच्या प्रकृतीशी काय संबंध आहे, असे या सर्व पत्रांतून वेगवेगळ्या शब्दांत विचारलेले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. बहुतेकांनी शेवटी औषधाची विचारणा केली आहे. मी मात्र प्रत्येक ठिकाणी आधी 'हे येते कोठून' असे विचारले आहे, कारण या प्रकारच्या त्रासात उगम बंद केल्यावाचून दिलेले औषध फार काळ पुरे पडत नाही, हे इतक्या वर्षांत मी वारंवार पाहिले आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. एकाच घरात सगळे तीच हवा घेतात आणि तेच पाणी पितात. तरी मोठ्यांना काही होत नाही आणि मूल आजारी पडते, असे पालक सांगतात. मुले नाजूक असतात, एवढेच याचे कारण आहे का?

नाजूकपणा हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण यातील बराचसा भाग साध्या हिशेबाचा आहे. पहिल्या काही महिन्यांतील बाळ दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 150 मिलिलिटर दूध पिते. साठ किलो वजनाच्या माणसाने त्याच प्रमाणात प्यायचे ठरवले, तर त्याला दिवसाला नऊ लिटर प्यावे लागेल. आता हे दूध वरचे असेल आणि पावडर कालवायला बोअरचे पाणी वापरले असेल, तर त्या पाण्यातील दोष मोठ्यांच्या मानाने कितीतरी पट अधिक मात्रेने बाळाच्या पोटात जातो. श्वासाचेही तसेच आहे. तान्हे मूल मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेते, आपण बारा ते अठरा घेतो, आणि वजनाच्या मानाने त्याच्या छातीत जाणारी हवा आपल्यापेक्षा बरीच जास्त असते.

दुसरी गोष्ट उंचीची आहे. रांगणाऱ्या मुलाचे जग जमिनीपासून दीड हातावर असते. फरशीवर बसलेली धूळ, चपलांबरोबर आत आलेली माती, भिंतीच्या खालच्या भागाचे सुटलेले पोपडे हे सारे त्याच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. तो त्याचा जग ओळखण्याचा मार्गच आहे, त्यामुळे त्याला रागावून उपयोग नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलाचे अवयव अजून घडत असतात. फुप्फुसातील बहुतेक वायुकोश जन्मानंतर, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात, आणि फुप्फुसांची क्षमता विशीपर्यंत वाढत राहते. मेंदूची जोडणी तर त्याहून वेगाने चाललेली असते. बांधून झालेल्या घराला हादरा बसणे वेगळे आणि पाया भरताना हादरा बसणे वेगळे. आपल्या वर्गातील मुलांबाबत आपण हा फरक पालकांना समजावून सांगितलात, तर त्याचा फार उपयोग होईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एका जुन्या भाड्याच्या घरात राहतो. आमच्या चौदा महिन्यांच्या मुलीच्या रक्तात शिशाचे प्रमाण 6 आले. डॉक्टरांनी औषध दिले नाही, घरातील वस्तूंची चौकशी केली आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत. त्या म्हणतात, 'आम्ही सगळे काजळ घालून आणि कल्हईच्या भांड्यांत जेवून मोठे झालो, आम्हाला काय झाले?' मुलगी हसती-खेळती आहे. खरोखर काळजी करावी का?

काळजी करावी, घाबरू नये. आपल्या डॉक्टरांनी केले ते अगदी योग्य आहे. 6 म्हणजे दर डेसिलिटर रक्तामागे 6 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 पासून 3.5 ही पातळी इशाऱ्याची मानली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शनानुसार 5 किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास उगम शोधून तो बंद करावयाचा असतो. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे 45 आणि त्यावरील पातळीसाठी राखलेली आहेत. त्याखाली ती दिल्याने मुलाच्या बुद्धीला लाभ होतो असे दिसलेले नाही आणि त्यांचे दुष्परिणाम मात्र होतात. म्हणून औषध दिले नाही, याचा अर्थ दुर्लक्ष केले असा घेऊ नका.

शिशाचे एक वैशिष्ट्य असे की शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहा टक्के रक्तात शोषले जाते, तर लहान मुलात हे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते, आणि आपल्याकडे 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे 67 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाची व्याप्ती कळते. रक्तातून शिसे हाडांत जाऊन बसते आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहते. मुलगी मोठी होऊन आई होते, तेव्हा हाडांतील हेच शिसे कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मनापासून विचारलेला आहे आणि त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. शिशाने होणारी हानी एका मुलाकडे पाहून दिसत नाही. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळांतील मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. यांतील कोणतेही मूल शिशाने आजारी दिसत नव्हते. तरी ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते, त्यांचे बुद्ध्यंक सरासरीने कमी भरले, आणि वर्गशिक्षकांना काहीही माहीत नसताना त्यांनी त्याच मुलांविषयी 'लक्ष टिकत नाही' असे अधिक वेळा नोंदवले होते. एखादे मूल शिशावाचून आणखी किती चुणचुणीत झाले असते, हे त्या मुलाच्या आईलाही कळायला मार्ग नसतो. ते हजार मुले एकत्र पाहिल्यावर कळते. आमच्या पिढीलाही काही झाले नाही असे मला म्हणवत नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली पूर्ण बंद झाले, तोवर रस्त्याच्या कडेला वाढलेले प्रत्येक मूल ते श्वासावाटे घेत होते. अमेरिकेत 1976 ते 1980 या काळात एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तातील सरासरी पातळी 15 होती. पेट्रोल आणि रंग यांतून शिसे गेल्यानंतर ती आज 1 च्याही खाली आली आहे. घराघरातून बदलण्याजोगी ही गोष्ट नव्हती, कोणत्याही आईने घरात केलेल्या काळजीने ती साधली नसती. ती कायद्याने झाली.

आपल्या घरात काय शोधावे ते सांगतो. पहिला संशय घरावर घ्यावा. अमेरिकेत घराच्या रंगात शिसे वापरण्यास 1978 मध्ये बंदी आली. घर त्याआधीचे असेल, तर खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या कडा आणि जुने लाकडी जिने तपासून घ्या. खिडकी वरखाली सरकवताना रंग घासला जातो, त्याची बारीक पूड चौकटीत साठते आणि मुले नेमकी तेथेच उभी राहतात. हा रंग आपण स्वतः खरवडू नका, कारण त्याने धूळ अधिक पसरते. घरमालकाला लेखी कळवून प्रशिक्षित माणसाकडून काम करून घ्या आणि त्या दिवसांत मुलीला दुसरीकडे ठेवा. तोवर कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, चपला-बूट दाराबाहेर काढावेत आणि जेवणाआधी व झोपेआधी मुलीचे हात धुवावेत.

दुसरा संशय भारतातून आलेल्या पिशवीवर घ्यावा लागतो, आणि हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्या पिशवीत फार माया भरलेली असते. विकतचा सुरमा बहुधा शिशाच्या खनिजाचा असतो आणि काही काजळांतही शिसे आढळले आहे. तुपाच्या दिव्यावर घरी धरलेल्या काजळीत शिसे नसते, तरी बोटाने डोळ्यांत घातल्याने जंतुसंसर्ग होतो, म्हणून तान्ह्या मुलाला काजळ नकोच; सासूबाईंची इच्छा असेल तर तीट तळपायाला लावावी, पण तीही घरच्या काजळाची. हळद-चुन्याचे कुंकू निर्धोक आहे, मात्र बाजारातील काही शेंदरांत शिशाचे संयुगच असते. पितळी भांड्याची कल्हई शुद्ध कथिलाची असेल तर चिंता नसते. कथिल महाग असल्याने त्यात शिसे मिसळले जाते, आणि आमटी, सार, ताक असे आंबट पदार्थ त्यात ठेवले की ते उतरते. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पितळ, ॲल्युमिनियम आणि हिंडालियम या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असा इशारा दिला आहे. मुलीचे जेवण सध्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात करा.

हळदीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हळकुंडांना पिवळीधमक झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य चोळण्याचा प्रकार बांगलादेशात 2019 च्या अभ्यासात उघड झाला होता. गरोदर स्त्रियांच्या रक्तात आढळलेल्या शिशाचा माग काढताना संशोधक थेट हळदीच्या गिरण्यांपर्यंत पोहोचले. तेथील सरकारने धाडी घातल्या, दंड केले, वृत्तपत्रांतून लोकांना सावध केले, आणि तेथील बाजारांतील नमुन्यांत 2019 मध्ये 47 टक्के असलेली भेसळ 2021 मध्ये शून्यावर आली. उगम बंद करणे कशाला म्हणतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्यासाठी सूचना इतकीच की सुट्या, अनोळखी ठिकाणच्या, डोळ्यांत भरेल इतक्या पिवळ्या हळदीपासून दूर राहावे; आणि अख्खी हळकुंडे घेऊन दळली म्हणजे भागले असे समजू नये, कारण ही भेसळ हळकुंडालाच केली जात होती.

मुलीला लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व असलेला आहार द्या: नाचणी, दूध, डाळी, हिरव्या पालेभाज्या, वर लिंबू. पोट रिकामे असताना शिसे अधिक शोषले जाते, म्हणून तिच्या खाण्याच्या वेळा लांबवू नका. उगम सापडून बंद झाला की रक्तातील पातळी पुढच्या महिन्यांत हळूहळू उतरू लागते.

महाराष्ट्रातील वाचकांनीही हे उत्तर आपले समजावे. घरातील कोणी जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या, धातू वितळवण्याच्या किंवा रंगाच्या कामावर असेल, तर त्यांनी कामाचे कपडे तेथेच बदलावेत, आंघोळ करावी आणि मगच मुलाला उचलून घ्यावे. अशा घरातील मुलाला रक्तक्षय असेल आणि लोहाच्या औषधाने तो सुधारत नसेल, तर रक्तातील शिसे तपासण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही तपासणी होते.

प्रश्न : जत्रेत मिळणारी रंगीत लाकडी आणि प्लास्टिकची खेळणी एक वर्षाच्या नातवाला द्यावीत का?

तोंडात घालण्याच्या वयात देऊ नयेत. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, आणि खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे. ते चिन्ह पाहून घ्यावे. आपल्या जुन्या पाळण्यावर किंवा पांगुळगाड्यावर कित्येक वर्षांपूर्वीचा रंग असेल आणि तो सुटत असेल, तर तो नातवासाठी वापरण्याचा मोह टाळावा. न रंगवलेले लाकूड, स्टीलची वाटी आणि चमचा यांत या वयाचे मूल तितकेच रमते.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात सगळे हातपंपाचे पाणी पितात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आले आहेत. ब्रश करून जात नाहीत. शाळेत मुले चिडवतात. आत्याबाईंचे गुडघे आणि कंबर आखडली आहे. धाकटी दोन वर्षांची आहे. मी पाणी उकळून देते, तरी काय करावे?

ताई, मुलाच्या दातांवरचे पट्टे घासण्यात आपण कमी पडलात म्हणून आलेले नाहीत, हे प्रथम मनातून काढून टाका. वर्णनावरून हा फ्लोराइडचा परिणाम असण्याची शक्यता बरीच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात ते नैसर्गिकरीत्या जास्त असते. पाणी खडकात जितके खोल आणि जितका काळ मुरलेले, तितके खडकातील फ्लोराइड त्यात अधिक उतरते, म्हणून उथळ विहिरीच्या मानाने खोल बोअरमध्ये ते बहुधा जास्त सापडते. जंतूंच्या भीतीने आपण विहिरी सोडून बोअरकडे वळलो. जुलाब-कावीळ कमी व्हावी म्हणून केलेली ती सोय होती आणि तिचा हेतू चांगलाच होता, पण कित्येक गावांत तिच्याबरोबर हे दुसरे दुखणे आले.

पाणी उकळण्याचे आपले कष्ट जंतूंसाठी उपयोगी आहेत, फ्लोराइडसाठी मात्र नाहीत. पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागे राहते, त्यामुळे खूप वेळ उकळल्यास उलट ते दाट होते. साध्या कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही. म्हणून पहिले काम पाणी तपासण्याचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. ग्रामपंचायतीमार्फत गावातील प्रत्येक हातपंपाचा आणि विहिरीचा वेगवेगळा नमुना द्यावा, कारण एकाच गावात शंभर पावलांवरच्या दोन स्रोतांत मोठा फरक आढळू शकतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल 1.5 मिलिग्रॅमपर्यंतचे चालते. कमी फ्लोराइड असलेला स्रोत सापडला, तर तो पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखून ठेवावा. धुण्याभांड्यांसाठी जुना हातपंप वापरल्यास बिघडत नाही.

असा स्रोत नसेल तर पावसाचे पाणी साठवणे, गावासाठी शुद्धीकरण संयंत्र बसवणे किंवा नळगोंडा पद्धत वापरणे हे मार्ग आहेत. ही पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने म्हणजे 'नीरी'ने विकसित केली. तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात मिसळून, ढवळून, गाळ बसू देऊन वरचे पाणी घ्यावयाचे असते. तिचे प्रमाण पाण्याच्या तपासणीवरूनच ठरते. अंदाजाने तुरटी फिरवून ती साधत नाही, आणि संयंत्र बसवले तरी त्याची देखभाल कोण करणार हे गावाने आधी ठरवावे लागते. बंद पडलेल्या अशा टाक्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या शेजारीच पुन्हा हातपंपावर लागलेल्या रांगाही पाहिल्या आहेत.

आपल्या धाकट्या मुलीसाठी आज सर्वाधिक करता येण्यासारखे आहे. कायमच्या दातांवरचे लुकण, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, जन्मानंतरच्या काही महिन्यांपासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते, आणि या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास ते डागाळते. तिचे पुढचे कायमचे दात अजून आत घडत आहेत. तिच्या एकटीपुरते चांगले पाणी आणावे लागले तरी दिवसाला दोन-तीन हंडे लागणार नाहीत, एक कळशी पुरते. तेवढे आजपासून सुरू करा. मोठ्या मुलाच्या दातांवरचे डाग आहारामुळे किंवा गोळ्यांनी जाणार नाहीत, मात्र दंतवैद्य ते झाकू शकतात. चिडवण्याविषयी वर्गशिक्षकांशी जरूर बोला. त्याच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या आणखी काही मुलांच्या दातांवर असेच पट्टे असणार. आत्याबाईंच्या सांध्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने हाडे आणि स्नायुबंध ताठर होतात, आणि मुलांच्या आहारात कॅल्शियमही कमी असेल तर पाय वाकू शकतात. दूध, ताक, तीळ, नाचणी आणि आवळा यांचा दोन्ही मुलांच्या जेवणात वापर वाढवावा, काळा चहा मुलांना देऊ नये.

प्रश्न : पिंपरीत राहतो. पाच वर्षांच्या मुलाला दमा आहे. डासांमुळे रात्री कॉइल लावतो, सकाळ-संध्याकाळ धूप असतो. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का? इनहेलरची सवय लागेल म्हणून पत्नीने तो बंद केला आहे.

यंत्राआधी कॉइल बंद करा, आणि इनहेलर आजच पुन्हा सुरू करण्यासाठी आपल्या डॉक्टरांना भेटा. इनहेलरमधील औषध थेट श्वासनलिकेत अगदी थोड्या मात्रेत जाते. त्याची सवय लागत नाही. तो बंद केल्यावर श्वासनलिकेची आतली सूज वाढत राहते आणि एखाद्या रात्री मुलाला घेऊन धावाधाव करावी लागते.

बंद खोलीतील एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म धूलिकण सोडते, ते 75 ते 137 सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके असतात, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. मुलासमोर सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याला आपण बाहेर जायला सांगू, आणि कॉइल मात्र त्याच्या उशाशी ठेवतो. मच्छरदाणी, खिडक्यांना जाळ्या आणि साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणे हे तीन उपाय धुराशिवायचे आहेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून लहान मूल दुपारी झोपते तेव्हाही मच्छरदाणी हवी. पूजेला तुपाचे निरांजन लावावे आणि धूप मूल घरात नसताना, खिडक्या उघडून लावावा. देवाला यात उणे वाटेल असे मला वाटत नाही.

बाहेरच्या हवेवर आपला एकट्याचा ताबा नसतो, पण ती सुधारली तर मुलांना किती लवकर बरे वाटते याचा पुरावा आहे. अमेरिकेतील युटा खोऱ्यात एक पोलाद कारखाना 1986 ते 1987 मध्ये सुमारे वर्षभर बंद होता. तो चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या, तो बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. गाव तेच, थंडी तीच, मुलेही बहुतांशी तीच. म्हणून शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल आणि सोसायटीच्या आवारात जाळल्या जाणाऱ्या पालापाचोळ्याबद्दल पालकांनी एकत्र येऊन बोलावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' या ॲपवर दररोजचा हवेचा निर्देशांक दिसतो. तो वाईट असलेल्या दिवशी मुलाचे मैदानी खेळ दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावेत, कायमचे बंद करू नयेत. हे सारे करून पैसे उरत असतील आणि मूल झोपते ती खोली बंद ठेवता येत असेल, तर यंत्र घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि घर बागेतच आहे. हंगामात सतत फवारणी असते. तीन आणि सहा वर्षांची मुले ब्लोअर दिसला की पाहायला धावतात. पत्नीला पाचवा महिना आहे. औषधांचे रिकामे ड्रम धुऊन आम्ही धान्याला वापरतो. कितपत धोका आहे?

ड्रमपासून सुरुवात करतो, कारण ते आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखे आहे. ते धान्यातून, पाण्यातून, घरातून बाहेर काढा, भोके पाडून निकामी करा. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेलाला वेगळा वास येतो असे सांगितले होते. शेतीचे औषध आणि खाण्याचे पदार्थ एकाच छपराखाली, एकसारख्या डब्यांत ठेवले की काय घडू शकते, हे त्या दिवशी देशाने पाहिले, आणि तरी आजही कित्येक वाड्या-वस्त्यांवर औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेले मला दिसते. मूल बाटली ओळखते, औषध ओळखत नाही.

फवारणीच्या दिवशी मुलांना आणि पत्नीला शक्य तर गावातील नातेवाइकांकडे पाठवावे. ते शक्य नसेल तर वाऱ्याची दिशा पाहून फवारणी करावी, घराच्या दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, वाळत घातलेले कपडे आणि पाण्याची भांडी आत घ्यावीत, आणि लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत मुलांनी वेलींखाली खेळू नये. फवारणी करणाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि ते पत्नीने हाताने धुऊ नयेत. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात, जेथे आपल्यासारखीच दाट शेती आहे, शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रियांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अंश मोजून त्यांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, ज्या मातांच्या शरीरात हे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी आढळला. त्या बायांना विषबाधा झालेली नव्हती. त्या रोजच्यासारख्या राहत होत्या. पाचवा महिना म्हणजे अजून चार महिने आपल्या हातात आहेत.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावा. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि हिरवा. मुलाच्या तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, घाम, उलट्या-जुलाब, छातीत घरघर किंवा झटके यांपैकी काही दिसले, तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, उलटी मुद्दाम काढू नये, दूध-तूप पाजू नये, आणि औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. कोणते औषध होते हे कळले की डॉक्टरांचे मोलाचे काही क्षण वाचतात, आणि या विषबाधेत उतारा लवकर मिळण्यावरच बरेच काही अवलंबून असते.

मुले ब्लोअर पाहायला धावतात, हे वाचून मला माझे स्वतःचे लहानपण आठवले; यंत्राचे आकर्षण कोणाला नसते? टाकी रिकामी करून, स्वच्छ धुऊन, ट्रॅक्टर बंद असताना एकदा त्यांना ते जवळून दाखवा, वर बसू द्या, आणि नंतर त्यांचे हात आपण स्वतः साबणाने धुवा.